अनुमोदक म्हणून माझं नाव

आमच्या नगरपंचायतीच्या अध्यक्षांनी आणि सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाबूंनी मला फसवलं, आणि माझ्या सहीने बाजारतळावर बसणाऱ्या बाया फसल्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात ही गोष्ट उलटी सांगितली जाते. लोक म्हणतात, हिनंच बाजाराची जागा घालवली आणि आता हीच बोंबलत फिरते. जागा मी घालवली नाही. पण सही माझी आहे, हेही मी लपवत नाही.

मी मिरची विकते. नांदेडला गाडी बदलून धर्माबादला जायचं, पोती घ्यायची आणि आमच्या बाजूच्या आठवडी बाजारांत विकायची, हा धंदा मी वीस वर्षांच्या वर केला. आता घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे, कांडप यंत्र आहे, औशापर्यंतची गिऱ्हाइकं आहेत. तरी सोमवारी गावच्या बाजारतळावर माझं पाल पडतंच. जिथून वर आले ती जागा सोडायची नाही, असं मी ठरवलं होतं.

धर्माबादच्या मोंढ्यातले व्यापारी मला चेहऱ्याने ओळखण्याआधी हाताने ओळखायला लागले. पोत्याच्या तोंडाशी माल नेहमी चांगलाच असतो. लालभडक, देठासकट, एकसारखा. मी त्याच्याकडे बघत नाही. कोपराच्या वर हात आत घालते, तळातून मूठभर मिरची काढते आणि कानाजवळ हलवते. वाळलेली मिरची वाजते. वजनासाठी पाणी मारलेली मिरची गप्प राहते. एकदा एक व्यापारी रागावून म्हणाला, "अक्का, आमच्यावर इस्वास न्हाई का?"

मी म्हणाले, "हाय की. म्हणून तर एकच हात घातला."

पोत्याच्या तळाला हात घातल्याशिवाय भाव न बोलणारी बाई कोऱ्या कागदावर सही कशी करते, ते आता ऐका.

आमचा वॉर्ड बायांसाठी राखीव झाला आणि मी उभी राहिले. निवडून आले. पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी बाबूंचा फोन आला. हे बाबू आमच्या कार्यालयातले जुने. मुख्याधिकारी येतात आणि बदलून जातात, अध्यक्ष दर निवडणुकीला बदलतात, बाबू आहेत तिथेच आहेत. म्हणाले, "ताई, उद्याच्याला मालकांना पाठवा सभेला. तुम्ही नुस्तं हजेरीला सही करा, घरी आणून देतो."

माझे मालक शिंपी आहेत. मशीनवर बसले की त्यांना जेवायचीही शुद्ध नसते. मी म्हणाले, "मतं मी मागितली, मालकांनी न्हाई. त्यांना पाठवायचं असंल तर तुमच्याकडं फाटलेल्या पँटी काढून ठेवा."

मी गेले. सतरा सदस्यांत नऊ बाया, आणि त्या दिवशी खुर्चीवर स्वतः बसलेल्या आम्ही तिघीच. बाकीच्या सहा जणींचे नवरे, दीर, एकीचा सासरा. कोणाला काही वाटलं नाही.

महिन्याची सभा बाहेरून मोठी वाटते, आतून तिचं सगळं ठरलेलं असतं. विषयपत्रिका तीन दिवस आधी येते. पहिला विषय कायम एकच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग नळाला पाणी किती दिवसांआड सोडायचं, कोणत्या गल्लीचे दिवे बंद आहेत, घंटागाडी कुठे येत नाही, डुकरं कोणी धरायची. सदस्य सगळ्यात जास्त तावात येतात ते पाण्यावर. आठ दिवसांआड येणारं पाणी आपल्या वॉर्डात अर्धा तास जास्त यावं म्हणून माणसं एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढतात. ते भांडण संपेपर्यंत भजी येतात. भजी आली की उरलेले विषय दहा मिनिटांत मंजूर होतात. आणि सगळ्यांत शेवटी असतात ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने. पत्रिकेवर त्यांचा शब्दही नसतो.

भजीच्या प्लेटा उचलल्या की बाबू इतिवृत्ताची जाड वही घेऊन फिरतात. पान कोरं असतं. प्रत्येकाने खाली आपापल्या नावापुढे सही करायची. बाबूंचं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि त्यांना घाईत लिहिलेलं आवडत नाही. "सह्या करून ठेवा, मी निवांत लिहितो," असं ते दर महिन्याला म्हणतात. कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, हे सगळं ते सवडीने भरतात. पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, "बाबू, पान कोरं हाय की."

शेजारचे सदस्य हसून म्हणाले, "ताई, तीस वर्षांत बाबूंनी एक ओळ इकडची तिकडं केली न्हाई. मिरची न्हाई ही, हुंगून बघायला."

सगळे हसले. मीही हसले, आणि सही केली. पुढे दोन वर्षं दर महिन्याला करत राहिले. सगळ्यांनी केली म्हणून मी केली. धंद्यात मी हे वाक्य कधी ऐकूनसुद्धा घेतलं नसतं.

आता बाजारतळाबद्दल. स्टँडच्या मागे, कडुलिंबाच्या चार झाडांखाली आमचा सोमवारचा बाजार भरतो. चाळीसेक बाया तिथे बसतात. भाजी, लसूण, बांगड्या, वाळवणं, शेंगा. कोणाकडे जागेचा कागद नाही. सासूची जागा सुनेला जाते, आईची लेकीला. एखादी बाळंत झाली किंवा घरात सुतक असलं, तर शेजारची बाई तिच्या जागेवर एक वीट ठेवते. त्या विटेवर कोणी बसत नाही. महिना जावो, दोन महिने जावोत. बाहेरगावचा नवा विक्रेता आला आणि वीट सरकवू लागला, की चारी बाजूंनी अशा शिव्या येतात की तो आपणहून पाठीमागे जातो. माझ्या डोळ्यांदेखत एका विटेने चार महिने जागा राखलेली आहे.

मी पहिल्यांदा आले तेव्हा अर्ध्या पोत्याची मिरची आणि एक तागडी घेऊन सकाळपासून उभी होते. कोणी सरकेना. तेव्हा लसूणवाल्या मावशीने आपलं पोतं मधोमध दुमडलं आणि म्हणाली, "बस इथं. माझा लसूण काय उठून पळत न्हाई." नात्याने ती माझी कोणी नाही. पण मी त्या दोन हात जागेवर उभी राहिले, घर बांधलं, पोरं शिकवली. मतं मागायला निघाले तेव्हा पहिला नारळ तिच्याच हाताने फोडला. तिने एकच गोष्ट मागितली होती. "पोरी, कायबी कर, ही झाडाखालची जागा राख. म्हातारपणी मला उन्हात बसवू नको."

मी म्हणाले होते, "मी असेपर्यंत तुला कोणी उठवणार न्हाई."

ती सभा सोमवारी ठेवली होती. आमची सभा कधीच सोमवारी नसायची. माझं पाल मावशीच्या भरवशावर टाकून मी गेले. पाण्याचं भांडण झालं, भजी आली. माझं लक्ष घड्याळाकडे, कारण दुपारनंतर खेड्यांतली गिऱ्हाइकं येतात. ऐनवेळचे विषय आले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "एक-दोन किरकोळ हायत, गावच्या विकासाचे. मंजूर ना?" सगळे म्हणाले, मंजूर. मीही म्हणाले. वही आली. मी उभ्यानेच सही केली आणि बाजाराकडे पळाले.

पुढच्या महिन्यात पहिला विषय आला, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. बाबूंनी वही नुसती वर धरून दाखवली. सगळे म्हणाले, मंजूर. माझाही आवाज त्यात होता. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा.

त्यानंतरच्या सोमवारी मी पोती घेऊन तळावर पोहोचले, तर पहिल्या कडुलिंबाला पत्र्याचा फलक ठोकलेला. या जागेवर व्यापारी संकुल होणार, आठवडी बाजार स्मशानभूमीच्या रस्त्यालगत भरेल, सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. एक रेघ बरोबर मावशीच्या जागेतून गेली होती.

स्मशानाच्या रस्त्यावर झाड नाही, सावली नाही. शिवाय तिरडी जाते त्या वाटेवर बसून कोणती सवाशीण बांगड्या भरेल? मी फलकाकडे बघतच होते, तेवढ्यात मावशी म्हणाली, "बांगडीवालीचा पोरगा कचेरीत जाऊन आला. ठरावाला तूच दुजोरा दिलास म्हणं."

"कोण म्हणतं?"

"कागद म्हणतो. तुझी सही हाय म्हणं."

"मावशी, मी असं करीन का?"

तिने हातातली लसणाची गड्डी खाली ठेवली. मग म्हणाली, "तू करणार न्हाईस. पण केलंस." आणि तिने लसणाचं पोतं उचलून हातभर पलीकडे सरकवलं. इतक्या वर्षांत आमच्या पोत्यांच्या मध्ये कधी जमीन दिसली नव्हती.

मी पोती तशीच टाकली आणि कार्यालयात गेले. माझा आवाज तेव्हा स्टँडपर्यंत ऐकू गेला असं म्हणतात. गेला असेल. बाबूंनी चष्मा पुसून वही उघडली. मोत्यासारखं अक्षर. बाजारतळाच्या जागेचा ठराव, सूचक म्हणून उपाध्यक्षांचं नाव, अनुमोदक म्हणून माझं. सर्वानुमते मंजूर.

"बाबू, हे मी कधी बोलले?"

"ताई, सही तुमचीच हाय ना?"

"सही माझी हाय. वर लिवलेलं माझं न्हाई."

"वरचं आणि खालचं वेगळं कसं करायचं, ताई? पान एकच हाय."

"माझंच नाव कसं सुचलं तुम्हाला? सोळा जण होते की दुसरे."

बाबूंनी वही मिटली. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथे अध्यक्ष बसतात. मला समजायचं ते समजलं. बाजारातल्या बाया उठल्या असत्या तर माझ्या मागे उभ्या राहून उठल्या असत्या. म्हणून त्यांनी आधी मलाच ठरावात घातलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला. "ताई, तुम्ही धंद्यातल्या. तुम्हाला समजावायची गरज न्हाई. संकुलात रस्त्याच्या तोंडाचा कोपऱ्याचा गाळा तुमच्या नावानं."

मी खोटं बोलणार नाही. माझ्या डोक्यात तो गाळा उभा राहिला. शटर, पाटी, कांडप यंत्र मागच्या बाजूला. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "एकच?"

ते खूश झाले. "बरं, दोन. शेजारशेजारचे."

"दोनांत भागत न्हाई."

"ताई, लई ताणू नका. किती म्हणता?"

"चाळीस."

"काय चाळीस?"

"बाया चाळीस हायत. चाळीस गाळे लिवून द्या, न्हाईतर चार झाडं सोडा. मग मी तुमचा चहा पिते."

ते हसले. "त्या काय, कुठंबी बसतील."

"मीबी कुठंबीच बसले होते, अध्यक्षसाहेब. म्हणूनच आज तुमच्यासमोर खुर्चीवर बसले." चहा तसाच ठेवून मी उठले. सौदा मोडताना मला कधी वाईट वाटत नाही. त्या दिवशी वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'एकच?' हा शब्द माझ्या तोंडून निघाला होता, आणि तो त्यांनी ऐकला होता. पुढे गावभर त्यांनी तोच सांगितला.

त्यापुढच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसले. पहिला विषय आला. बाबूंनी वही वर धरली.

मी म्हणाले, "वाचा."

"ताई, ते वाचलं असं समजतात."

"कोण समजतं?"

"सगळेच समजतात."

"मला समजलं न्हाई. पत्रिकेवर तुम्हीच लिवलंय, वाचून कायम करणे. तर वाचा."

अध्यक्ष म्हणाले, भजी थंड होतील. मी म्हणाले, थंड खाऊ. बाबूंनी वाचायला सुरुवात केली. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं नंतर शिपाई म्हणाला. दुसऱ्याच ठरावावर मागच्या रांगेतले एक सदस्य उठले. आपल्या गल्लीतला मोठा दिवा काढून दुसऱ्या वॉर्डात बसवावा, या ठरावाला त्यांनीच अनुमोदन दिलेलं होतं. "ओ बाबू! माझीच गल्ली अंधारात घालायला मीच कसा म्हणीन? बायको घरात घेईल का मला?" हशा झाला. मग एका ताईंच्या नावावर डुकरांच्या ठेक्याची सूचना निघाली. त्या सभेच्या दिवशी ताई लेकीच्या बाळंतपणाला माहूरकडे होत्या, सही दिराने केली होती. हशा जरा कमी झाला. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. प्रत्येक जण आपलं नाव कधी येतं याची वाट बघत बसला होता.

हीच वेळ आहे म्हणून मी उभी राहिले. "आता बाजारतळाचा ठराव काढा."

अध्यक्ष म्हणाले, "तो आधीच्या सभेचा. कायम झालेलं इतिवृत्त पुन्हा उघडता येत न्हाई."

"पोतं शिवलं म्हणून आतला माल बदलत न्हाई, साहेब."

"ताई, ही सभा हाय, मोंढा न्हाई."

"मोंढ्यात माल दाखवल्याशिवाय कोणी सही मागत न्हाई," मी म्हणाले. "मोंढ्याची बरोबरी करू नका, तुम्हाला झेपणार न्हाई."

आमचे मुख्याधिकारी तरुण आहेत, परीक्षा देऊन आलेले. ते खालच्या आवाजात म्हणाले, लेखी द्या. मी दिलं. त्या ठरावाला मी अनुमोदन दिलेलं नाही, पान कोरं असताना माझी सही घेतली, माझं नाव काढा. ज्यांच्या गल्लीचा दिवा गेला त्या सदस्यांकडे मी कागद सरकवला आणि म्हणाले, तुम्हीही करा सही, यावेळी वाचून. त्यांनी खिशातला पेन काढला, अध्यक्षांकडे बघितलं आणि परत खिशाला लावला. "ताई, दिवा परत बसवतो म्हणले ते." एवढ्यात त्यांचा सौदा झाला होता.

मी एकटीनेच अर्ज दिला. आवक शिक्का मारून पोच घेतली. ती पोच माझ्याकडे आहे. त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागितली, तीही मिळाली. त्यात माझ्या अर्जाचा उल्लेख नाही, वाचनाचा नाही, कोणी उभं राहिल्याचा नाही. शेवटची ओळ अशी आहे: सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. खाली सह्या आहेत. माझी नाही. तेवढी एक जागा कोरी आहे आणि त्यापुढे कोरीच राहील.

लातूरला कलेक्टर कचेरीत ठराव थांबवण्यासाठी अर्ज दिला. दोन वेळा तारीख मिळाली, दोन्ही वेळा पुढे गेली. एसटीने जायचं, बाकावर बसायचं, यायचं. गावात म्हणतात, दोन गाळे तीन व्हावेत म्हणून हिची ही सगळी धावपळ. म्हणू देत.

फलक लागल्यानंतर कोणत्याही सोमवारी बाजार हललेला नाही. पहिल्याच आठवड्यात नगरपंचायतीचा माणूस शिट्टी वाजवत आला, तर चाळीस जागांवर चाळीस विटा मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक विटेमागे एक बाई उभी. हे मी करायला सांगितलं नव्हतं. मावशीने सांगितलं होतं. तो माणूस विटांकडे बघत राहिला. त्याची आईही तिथेच शेंगा विकते. शिट्टी खिशात घालून तो चहाला गेला. आता चुन्याच्या रेघा पायांनी पुसत चालल्या आहेत.

मी पाल टाकते. मावशी शेजारी असते, पण पोत्यांच्या मधली ती हातभर जमीन तशीच आहे. मी एकदा माझं पोतं सरकवून बघितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तारीख लागू दे, मग बघू." तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. तळाचा माल बघितल्याशिवाय कोणी का विश्वास ठेवावा?

माझी चूक मी मोकळ्या बाजारात, चाळीस बायांपुढे कबूल केली आहे. न वाचता सही केली, न ऐकता मंजूर म्हणाले. त्याबद्दल मला जे ऐकवायचं ते त्यांनी ऐकवलं आणि मी ऐकून घेतलं. आता दुसऱ्यांची पाळी. बाबू, अक्षर तुमचं आहे, पण शब्द कोणाचे होते? त्या सोमवारी, माझी सही सुकल्यावर, त्या कोऱ्या पानावर माझं नाव लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं? आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही सांगितलं नसेल तर मग कोणी सांगितलं, हे तुम्ही आजवर का विचारलं नाही? चिठ्ठी नको, चहा नको, गाळा तर नकोच. येत्या सोमवारी बाजारतळावर या. कडुलिंबाखाली मावशीसमोर उभे राहा, आणि काय ते मोठ्याने सांगा.